कलावतीबाईंचा उजवा डोळा

डॉक्टर दंडवत्यांनी कलावतीबाईंची हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवली, प्रकाशाची बारीक तिरीप त्यांच्या डाव्या डोळ्यावर आणली आणि आत पाहिलं. महिन्यापूर्वी बसवलेलं भिंग जागच्या जागी होतं. विद्यार्थ्यांना बोलावून दाखवावं इतकं नेटकं. एरवी असं काम पाहून ते स्वतःवरच खूश होत. आज त्यांनी दिवा बाजूला सारला आणि उगाचच चष्मा पुसत बसले.

"कसं काय दिसतं आता?"

"बहुत चांगलं, डाक्टरसाहेब. गुढियारीच्या गल्लीत समोरून येणारी गाडी आता दुरूनच दिसते. देव भलं करो तुमचं."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं दंडवत्यांना त्या आशीर्वादातही टोमणा ऐकू आला. कारण ऑपरेशन उजव्या डोळ्याचं ठरलं होतं.

रायपुरात त्यांचं नाव मोठं. तीस वर्षांत चाळीस हजार डोळे त्यांच्या हाताखालून गेलेले. मोतीबिंदू म्हणजे हातचा मळ. एका डोळ्याला आठ मिनिटं, त्यात गप्पा नाहीत, प्रश्न नाहीत. त्या दिवशी बावीस पेशंट होते आणि संध्याकाळी त्यांचा स्वतःचा सत्कार होता. वॉर्डात कुणीतरी औषधाचे थेंब कलावतीबाईंच्या डाव्या डोळ्यात टाकले आणि खुणेची चिकटपट्टीही डाव्याच भुवईवर लावली. फाईल उघडून ताडून पाहणं हे ज्याच्या हातात सुरी त्याचं काम. दंडवत्यांनी फक्त पट्टी पाहिली.

ऑपरेशननंतर ते कागदांवर सही करत असताना नीलिमा सिस्टर हळूच म्हणाली होती, "सर, राइट होता."

पंधरा वर्षं त्यांच्यासोबत काम करणारी बाई. ती कधी उगाच बोलत नसे. दंडवत्यांनी एकदा फाईलकडे, एकदा घड्याळाकडे पाहिलं.

"दोन्हीत मोतीबिंदू होताच ना? कागद दुरुस्त करून टाका."

तिने केले. दोन्ही डोळ्यांना लागणारं भिंग योगायोगाने एकाच नंबरचं होतं, त्यामुळे कुठे काही खटकलं नाही. संध्याकाळी खांद्यावर शाल पडली आणि पेशंट हाच आपला देव, असं ते माइकवर म्हणालेसुद्धा. तेव्हापासून नीलिमा कामापुरतंच बोलू लागली. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण महिनाभर आवळून धरल्यावर हातही दुखायला लागतो.

गोष्ट एवढ्यावरच थांबली असती तर त्यांनी मनाची समजूत घातलीही असती. पण कलावतीबाईंचा उजवा डोळा आधीच जवळजवळ गेलेला होता. सदर बाजारातल्या सराफांसाठी त्या मंगळसूत्राचे काळे मणी ओवत, ते डाव्या डोळ्याच्या जिवावर. दंडवत्यांनी बाईंचा चालता डोळा कापला होता. काही बिघडलं असतं तर त्यांना आंधळं करून घरी पाठवलं असतं. बिघडलं नाही, हे नशीब. त्यात कौशल्य कसलं?

आज कोपऱ्यात फाईल लिहीत बसलेल्या नीलिमाला त्यांनी बाहेर जायला सांगितलं नाही. तिनेही ऐकायला हवं होतं.

"बाई, एक सांगायचं आहे. तुमचं ऑपरेशन उजव्या डोळ्याचं होतं. मी डाव्याचं केलं. चूक माझी. आणि नंतर कागदावर मीच ती लपवली. तुम्हाला तक्रार करायची असेल तर करा, मी आड येणार नाही."

तीन दिवस येता-जाता गाडीत हे वाक्य त्यांनी घोळवलं होतं. तोंडातून बाहेर पडलं तेव्हा ते फारच लहान वाटलं. नीलिमाचं लिहिणं थांबलं.

कलावतीबाई दचकल्या नाहीत. त्यांनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं.

"मले मालूम होतं."

"कधीपासून?"

"तवाच. टेबलावर. उजव्याचं सांगतलं होतं न, अन् दिवा डाव्यावर आला."

"मग काहून नाही बोलल्या?"

दवाखान्यात ते सहसा असं बोलत नसत. हे 'काहून' थेट ब्राह्मणपारा वस्तीतल्या त्यांच्या लहानपणातून उठून आलं होतं.

बाई जरा घुटमळल्या. कुणाची चहाडी करावी लागते आहे, असा त्यांचा चेहरा झाला.

"बोट वर केलं होतं मी, चादरीखालून. तुम्ही म्हटलं, 'अम्मा, हाथ नीचे.' मंग मी हात खाली केला."

दंडवत्यांनी तो क्षण आठवून पाहिला. आठवेना. चादरीखाली रोज कुणाचं ना कुणाचं बोट हलतं आणि ते रोज तेच म्हणतात. एखाद्या वेळी चुकून म्हटलेलं असतं तर लक्षात राहिलं असतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भीती नाही वाटली?"

"वाटली न. म्हटलं, हाही गेला तर मणी कोण ओवन. मंग म्हटलं, एवढे मोठे डाक्टर, काही पाहूनच करून राहिले असन." त्या हसल्या, डॉक्टरांचीच समजूत घालावी तसं. "अन् झालं न चांगलं. सिस्टरले काही म्हणू नका, बिचारीले."

संतापाची त्यांनी तयारी केली होती. आरडाओरडा, नातेवाईक, वकील, सगळं डोळ्यांसमोर आणून पाहिलं होतं. या मायेची तयारी केली नव्हती. ते उठले, बेसिनपाशी गेले आणि स्वच्छच असलेले हात पुन्हा धुऊ लागले.

उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला मंगळवार ठरला. त्या दिवशी त्यांनी नऊच पेशंट घेतले. नवा नियमही केला: थेंब टाकायच्या आधी डॉक्टर स्वतः वॉर्डात येणार आणि खुणेची पट्टी पेशंटनेच लावायची. अशानं दुपारपर्यंत चार तरी होतील का, असं वॉर्डातले लोक आपसांत कुजबुजले.

कलावतीबाई हिरवा गाऊन घालून, केस टोपीत कोंबून कॉटवर बसल्या होत्या. दंडवत्यांनी स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसले. या वॉर्डात त्यांना बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पट्टीचा तुकडा त्यांनी बाईंच्या हातात दिला.

"आज कोणता डोळा करायचा, ते तुम्ही सांगा. अन् पट्टी तुम्हीच लावा."

बाईंनी पट्टी बोटांत धरली. एक डोळा लख्ख, दुसऱ्यावर दुधासारखा पडदा. शाळेतल्या पोरीनेही न विचारता सांगितलं असतं.

"तुम्ही म्हणाल तो, डाक्टरसाहेब."

"मी नाही म्हणणार. तुम्ही सांगा. मी थांबतो."

ते खरंच थांबले. पट्टी बाईंच्या बोटाला चिकटून बसली होती. त्यांनी डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिथे काही हाती लागलं नाही. मग त्यांच्या खांद्यावरून त्यांनी मागे उभ्या असलेल्या नीलिमाकडे नजर लावली आणि साहेबांना कोणतं उत्तर हवं आहे, ते तिच्या चेहऱ्यावर शोधू लागल्या.