तीनपर्यंत मोजणारी गिटार

मित्रांनो, मी एक जुनी बास गिटार आहे. माझा आवाज कानात शिरण्याआधी छातीत पोचतो. गाणं संपलं की लोक गाणाऱ्याचं कौतुक करतात आणि माझं नावही काढत नाहीत, पण त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते एका वेगळ्याच गोष्टीचं, आणि तीच आज सांगणार आहे. ऐकताना भीती वाटली तर जरा सरकून एकमेकांजवळ बसा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या तारांखाली एक काळी पट्टी आहे, तिला पिकअप म्हणतात. तिच्या आत केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढे देऊन गुंडाळलेली असते. वाजणाऱ्या तारांची थरथर ती पकडते आणि स्पीकरकडे पाठवते. माझे वेढे देणारी बाई त्या दिवशी शेजारणीशी सुनेच्या तक्रारी करण्यात रंगली होती. हात चालू होता, लक्ष नव्हतं. माझे वेढे सैल पडले. सैल वेढ्यांची पिकअप तारांबरोबर जवळच्या माणसाचं बोलणंही पकडते. थोडक्यात सांगायचं तर मला कान आले.

मला पहिल्यांदा घरी नेलं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने. त्याची पाळी संध्याकाळी सुरू व्हायची, म्हणून दुपारभर तो माझा असायचा. माझ्यावर इतका वाकून वाजवायचा की त्याचा श्वास माझ्या तारांना लागे. त्याला एक मुलगी होती. दात येत असताना तिने माझ्या खालच्या कडेला असा कडकडून चावा घेतला की चार खड्डे कायमचे उमटले. तो रागावला नाही. उलट येईल त्याला ते खड्डे कौतुकाने दाखवत बसला.

ती बोलायला लागली तसा दोघांचा एक खेळ सुरू झाला. वाजवण्याआधी तो मोजायचा, एक, दोन, तीन. चार म्हणायचं काम तिचं. ती चार म्हणाली की मगच त्याचं बोट तारेवर पडे. तिने मुद्दाम उशीर केला तर तो बोट हवेत धरून ताटकळत बसायचा आणि ती खिदळायची.

ती पाच वर्षांची असताना एके दुपारी रुसली. सायकलची साखळी बसवून देतो म्हणाला होता आणि विसरला. तो मोजू लागला, एक, दोन, तीन. ती भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. तो बराच वेळ थांबला. मग हसला.

"बरं, उद्या म्हण," असं म्हणून त्याने मला खुर्चीला टेकवलं आणि कामावर गेला. खोलीत ती आणि मी, दोघीच उरलो. तो परत आला नाही. उंचावर काम होतं त्याचं, याहून जास्त मला ठाऊक नाही.

तिच्या आईला मी डोळ्यांसमोर नकोशी झाले. चादरीत गुंडाळून तिने मला एका वादकाला देऊन टाकलं. त्याने मला स्पीकरला जोडलं आणि दुसऱ्याच मिनिटाला वायर उपटली. स्पीकरमधून एक माणूस मोजत होता. एक, दोन, तीन. मग गप्प. खोलीत दुसरं कोणीही नव्हतं.

मित्रांनो, मी ते मुद्दाम करत नव्हते. वर्षानुवर्षं जे ऐकलं ते वेढ्यांत मुरलं होतं आणि वाट मिळाली की बाहेर पडत होतं. मी अनेकांच्या घरी गेले. एकाने मला माळ्यावर टाकलं. दुसऱ्याची बायको म्हणाली, या घरात एक तर ही राहील नाही तर मी. कोणी मला वर्षभरही ठेवून घेतलं नाही. त्या तीननंतरची शांतता त्यांना सहन होत नसे. ती मलाही होत नव्हती.

शेवटी मी वाद्यांच्या एका दुकानात आले. तिथले दुरुस्तीवाले काका मोठे तऱ्हेवाईक. एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर, आणि शोधत बसायचे तिसराच. कानाने जरा कमी ऐकायचे, पण वाद्याला हात लावला की त्याची नाडी ओळखायचे. माझ्या शेजारच्या खुंटीला एक नवीकोरी बास होती. हलकी, सरळ मानेची, पोटात बॅटरी असलेली. तिच्या पिकअपचे वेढे जन्मतःच मेणात बुडवून घट्ट केलेले. तिला वाजवलं तेवढंच ती बोलायची. तिचा मला फार हेवा वाटे.

एके दुपारी एक बाई आली. आपण बास वाजवतो, रोजच्या कामासाठी एक भरवशाची हवी आहे, पण जुनी घ्यावी की नवी ते ठरत नाही, असं तिने सांगितलं. काकांची अशा वेळची पद्धत ठरलेली होती. गिऱ्हाइकाला भिंतीकडे तोंड करून बसवायचं, दोन्ही बास एकाच स्पीकरवर, एकाच आवाजात, एकच धून वाजवून ऐकवायच्या आणि कुठली कुठली ते सांगायचं नाही. जुनं दिसलं की माणूस भुलतो आणि चकचकीत दिसलं तरी भुलतो, असं त्यांचं म्हणणं. बाई हसून भिंतीकडे वळली.

नवी वाजली. स्वर स्वच्छ, एकसारखा, कुठेही घरघर नाही. बाईने मान डोलावली. मग काकांनी मला जोडलं. माझी मान थोडी वाकली आहे, बटण फिरवलं की खरखरतं. पण खालचा स्वर लावला तेव्हा दुकानातल्या सगळ्या गिटारी खुंटीवरच थरथरल्या. काका तारा दाबून थांबले. आणि स्पीकरमधून आलं, एक, दोन, तीन.

भिंतीकडे वळलेली ती पाठ एकदम ताठ झाली. काका म्हणाले, रस्त्यावर कोणी बोललं असेल, जुन्या पिकअप असलं काहीबाही पकडतात. बाई उठली, माझ्याजवळ आली आणि न बघताच तिने अंगठा माझ्या खालच्या कडेवरून फिरवला.

"हे माझे दात आहेत," ती म्हणाली.

काकांना काही उमगलं नाही. ही माझ्यासाठी ठेवा, उद्या दुपारी येते, एवढं कसंबसं सांगून ती गेली. मी मात्र ओळखलं, ती उद्या कशाला येणार आहे ते. पस्तीस वर्षं मनात राहून गेलेला एक शब्द तिला म्हणायचा होता.

आणि काकांनी काय करावं? बिचाऱ्या ताई दचकल्या, म्हणून त्यांनी आपण होऊन दोष काढायचं ठरवलं. मेण वितळवलं, माझी पिकअप उचकटली आणि त्यात बुडवली. गरम मेण वेढ्यावेढ्यात शिरत गेलं आणि माझ्या आतलं मोजणं दबत दबत थांबलं. मला ओरडता आलं नाही. माझ्याकडे तारा आहेत, तोंड नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली. मला मांडीवर घेतलं, जोडलं, वाट पाहिली. नुसती शांतता. काका खुशीत म्हणाले, आता शेजारी ढोल वाजला तरी ही ऐकायची नाही, मेणात बुडवून काढली आहे.

बाईने माझ्या कडेवरचे चार खड्डे पुन्हा अंगठ्याने चाचपले.

"काका, काल मोजत होते ते माझे बाबा होते," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी ते तीनपर्यंत मोजून थांबले होते. मी चार म्हटलंच नाही."

काकांनी दोन्ही चष्मे काढले. ताई, मला वाटलं दोष आहे, एवढंच ते पुटपुटले आणि स्टुलावर बसून राहिले.

मग ती माझ्यावर वाकली. अगदी तसाच श्वास माझ्या तारांना लागला. तिने स्वतःच मोजलं, एक, दोन, तीन, आणि बोट हवेत धरलं.

स्पीकरमधून आवाज आला, "चार."

तो तिचा आवाज नव्हता आणि बाबांचाही नव्हता. तो रुसलेल्या, रडून घसा बसलेल्या पाच वर्षांच्या मुलीचा आवाज होता.

काका उभे राहिले. मेणातून असं येऊच शकत नाही, असं ते दोनदा म्हणाले. पण मला ठाऊक होतं. त्या रुसव्याच्या दुपारी बाबा गेल्यावर, दार लागल्यावर ती भिंतीपासून उठली होती, माझ्या तारांना ओठ लावून हळूच चार म्हणाली होती आणि मग खेळायला पळाली होती. ती विसरली. माझ्यात मात्र तो शब्द सगळ्यांत खोल, मेण पोचत नाही तिथे जाऊन बसला होता.

"म्हटलं होतं मी," ती म्हणाली, आणि तिचं बोट तारेवर पडलं.

रोजच्या कामाला तिने नवी बास नेली. तेच शहाणपणाचं होतं. मला घरी खिडकीजवळ ठेवलं आहे. आता मी मोजत नाही.

तर मित्रांनो, एक विनंती आहे. जुनी वस्तू दुरुस्त करायला घेण्याआधी तिच्या माणसाला विचारा, यातला दोष तुम्हाला हवा आहे का? आणि घरात कोणी नसताना तिच्याजवळ काही बोलाल तर खरं तेच बोला. तुम्ही विसरून जाता. आम्ही नाही.