गोलकीपरला घातलेली शाल

मी एक जुनी शाल आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर आता बोलायचाही कंटाळा येतो. पण तुम्ही ट्रंक उघडलीत, मला बाहेर काढलंत आणि माझ्या कोपऱ्यावरचा लाखेचा डाग पाहून हे काय म्हणून विचारलंत. मग सांगायलाच हवं. डांबराच्या गोळ्यांचा वास सोसत नसेल तर जरा लांब बसा.

तंजावुरात मला पोन्नाडै म्हणतात, म्हणजे मानाची शाल. पिवळं अंग, लाल काठ आणि काठात जर. जर खरी नाही, हे आधीच सांगून टाकते. माझा जन्म कुंभकोणमकडच्या एका मागावर झाला. थंडीसाठी मला कुणी विणलंच नव्हतं. तंजावुरात थंडी कुठली! आम्ही शाली माणसाच्या खांद्यावर दोन मिनिटं बसतो, टाळ्या होतात, की पुन्हा घडी. तो माणूस आम्हाला घरी नेऊन कपाटात ठेवतो आणि वर्ष-दोन वर्षांनी दुसऱ्या कुणाचा मान करायची वेळ आली की आम्हालाच बाहेर काढतो. असं करत करत मी निवृत्त हेडमास्तर, नादस्वरवाले, डॉक्टर अशा कितीतरी जणांच्या खांद्यांवर बसले. कुणाला मी आवडले, कुणाला उकडलं.

तिरुवैयारूला कावेरीकाठच्या गाण्यांना मी तीनदा गेले. तिथली एक रीत तुम्हाला ठाऊक हवी. गाणं मनाला भिडलं की रसिक ते संपायची वाट बघत नसे. मधेच उठायचा, चपला काढून मंचावर चढायचा आणि मला गवयाच्या खांद्यावर घालायचा. गवई ताल न सोडता मान वाकवायचा. मृदंगवाला हसायचा. लोक टाळ्या द्यायचे. मधेच का आलास, असं मी कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यातूनच झालं.

फिरत फिरत मी व्यंकटरमण नावाच्या, पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरातच राहिलेल्या एका मराठी गृहस्थांकडे आले. ते नोंदणी कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर होते. ते गेले आणि मी त्यांच्या मुलाच्या ट्रंकेत पडले. या मुलाचं नाव वादिराज. मुलगा म्हणते, पण तोही पन्नाशी ओलांडलेला. एका खासगी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करायचा. काचेच्या नळ्या धुवायच्या, रसायनं काढून द्यायची, विद्यार्थ्यांनी काही फोडलं की पुटपुटायचं. घरी तो आणि बायको भामा, दोघंच. त्याला नाद दोनच, गाणं आणि फुटबॉल. दोन्हीकडे तो सारखाच बसायचा, मांडीवर ताल धरून, मान डोलवत.

ते १९९६ साल. पोंगल झाल्यावर गावात फुटबॉलच्या स्पर्धा असायच्या. आमच्या संघाचा गोलकीपर मणी हा वादिराजच्याच गल्लीतला. टपालखात्यात पत्रं लावायचा. त्याचा तो शेवटचा हंगाम होता, म्हणून वादिराजने मला ट्रंकेतून काढलं, उन्हात झटकलं आणि पिशवीत घातलं. भामाने बजावलं की बक्षीस समारंभातच घाला, म्हणजे फोटो नीट निघेल. तो हो म्हणाला होता. अगदी मनापासून हो म्हणाला होता.

सामना बरोबरीत होता, थोडीच मिनिटं उरली होती आणि पाहुण्या संघाला पेनल्टी मिळाली. मणीने डावीकडे झेप घेतली आणि चेंडू छातीशी धरला. मैदान गरजलं. मी पिशवीतून बाहेर आले ते मला कळलंही नाही. वादिराजने दोरीपाशी चपला काढल्या, दोरीखालून वाकला आणि आत निघाला. धावत नव्हता हो, लगबगीनं चालत होता. त्याच्या दृष्टीनं एक मोठी तान संपली होती आणि आता शाल घालायची होती.

त्यावर मणीने जे केलं ते आमच्या तंजावुरातलाच माणूस करेल. समोर शाल येताना दिसली, तसा त्याने चेंडू गवतावर ठेवला, हात जोडले आणि मान वाकवली. मी त्याच्या घामेजल्या खांद्यांवर जाऊन बसले. तेवढ्यात पाहुण्यांचा एक गडी पळत आला आणि त्याने तो चेंडू सरळ जाळ्यात मारला.

पंचाने आधी गोल दिला, मग नाकारला. दोन्हीकडचे लोक चिडले. सोड्याच्या बाटल्या उडाल्या. रेषेवरच्या पंचाच्या कपाळाला लागून तीन टाके पडले आणि सामना रद्द झाला. ते रक्त मी पाहिलं आहे. वादिराजची चूक नव्हती असं मी मुळीच म्हणणार नाही. चूक होती.

पण बाटल्या फेकणारे पळून गेले. वादिराज अनवाणी उभा राहून चपला शोधत होता, म्हणून तोच सापडला. शुक्रवारची संध्याकाळ होती, कोर्ट सोमवारी उघडणार होतं, तोवर कोठडी, मग जामीन. दंगल घडवली, जमाव चिथावला, काय काय लावलं त्याच्यावर! माझाही पंचनामा झाला. मला खाकी कागदात गुंडाळून सुतळीने बांधलं आणि वर लाख ओतली, ती कागदातून माझ्या कोपऱ्यावर उतरली. मानाची शाल होते, मुद्देमाल झाले.

त्याच सुमारास गावात घरोघरी केबल आली होती. केबलवाल्याने सामन्याला व्हिडिओ कॅमेरा लावला होता आणि दंगा चालू असताना तो कॅमेरा वादिराजवरच धरला होता. म्हणून टेपमध्ये बाटल्या फेकणारा एकही चेहरा नाही, वादिराज मात्र पुरता आहे. ती टेप रोज संध्याकाळी सिनेमाच्या आधी दाखवायचे. सुलटी दाखवायचे, मग उलटी, म्हणजे वादिराज शाल काढून घेतोय आणि मागे मागे चालत जातोय असं. वर विनोदी वाद्यं. पेपरात तीन दिवस फोटो आला. मैदानाच्या फाटकावर त्याचं चित्र लावलं, जन्मभर बंदी म्हणून. कॉलेजने कळवलं की खटल्याचा निकाल लागेपर्यंत कामावर येऊ नका.

हे मला कसं कळलं? प्रत्येक तारखेला हवालदार मला काखोटीला मारून कोर्टात न्यायचा. ओसरीवर भामा वकिलाला एकेक सांगत असायची आणि मी कागदाच्या आतून ऐकायची. तारखा पडत गेल्या. कधी साक्षीदार नाही, कधी साहेबांची बदली. अशी चार वर्षं गेली. वादिराज डोक्यावर पंचा घेऊन यायचा, तोंड दिसू नये म्हणून. चहाच्या दुकानात लोक विचारायचे, आज कुणाला शाल? गाण्याला जाणंही त्याने सोडलं. बसल्या जागी जरा हलला तरी आजूबाजूचे वळून बघायचे, हा आता उठतोय का म्हणून. ते ऐकलं त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. गाण्याने त्याचं काय वाकडं केलं होतं?

त्याला आता एकच गोष्ट हवी होती. मे २००० अखेर त्याच्या नोकरीची वर्षं भरणार होती. त्याआधी निकाल लागला, तर प्रयोगशाळेत परत जाऊन, चार लोकांदेखत, रीतसर निरोप घेऊन बाहेर पडायचं. दुसरं त्याने काही मागितलं नाही.

"एक दिवस तरी कामावर जाऊन यायला मिळेल ना त्यांना?" भामा दर तारखेला वकिलाला विचारायची.

नाही मिळाला. मे महिना संपला आणि निकालाची तारीख त्यानंतर बारा दिवसांनी लागली.

त्या दिवशी मणीची साक्ष झाली. तोही पिकला होता. तो म्हणाला, "चेंडू मीच खाली ठेवला, साहेब. कुणी ठेव म्हणालं नव्हतं. समोरून कुणी शाल घेऊन आलं तर मान ताठ कशी ठेवायची?"

मॅजिस्ट्रेटनी कागद मिटले. मग त्यांनी सांगितलं की दंगलीचे आरोप सिद्ध होत नाहीत. मैदानात विनापरवाना शिरला एवढंच खरं. शिक्षा म्हणजे कोर्ट उठेपर्यंत इथे बसून राहणे. बस्स. चार वर्षांनी एवढंच निघालं. वादिराज दुपारपासून पाच वाजेपर्यंत बाकावर बसला. शेजारी भामा ताकाची बाटली घेऊन बसली होती. त्याने ताक घेतलं नाही.

कोर्ट उठल्यावर कारकुनाने सुतळी कापली, लाख फोडली आणि सही घेऊन मला पुढे केलं.

"नको मज ती," वादिराज आपल्या तंजावुरी मराठीत म्हणाला.

मणीने मला उचललं. ओसरीवर नेऊन घडी मोडली, चार वर्षांची धूळ झटकली आणि मला दोन्ही हातांत धरून तो वादिराजसमोर उभा राहिला.

"अण्णा, मान वाकवा."

वादिराजने आधी फाटकाकडे पाहिलं. मग खांबांच्या मागे पाहिलं, जिन्यावर पाहिलं. कॅमेरा कुठे आहे ते तो शोधत होता. कुठेच नाही अशी खात्री झाल्यावर त्याने मान वाकवली. इतक्या जणांच्या खांद्यांवर मी बसले, पण माझ्याखाली थरथरणारे खांदे ते पहिलेच. टाळ्या वाजवायला फक्त भामा होती, आणि तिचे हात पदरात होते.

तर मित्रांनो, चुकलेल्याला शिक्षा करू नका असं मी म्हणत नाही. दोरीच्या आत गेला, तर बाहेर काढा. हंगामभर येऊ देऊ नका. ज्याचं कपाळ फुटलं त्याची माफी मागायला लावा. वादिराज पहिल्याच दिवशी गेला असता. ते त्याला कुणी सांगितलंच नाही. कोर्टाची शिक्षा पाच वाजता संपली. गावाच्या हसण्याला मात्र कुणी वेळ ठरवून दिली नव्हती.

आता मला घडी घाला. सावकाश, लाखेच्या डागापाशी मी विरले आहे. आणि कधी कुणाची अशी टेप तुमच्यासमोर लागली, सगळे हसायला लागले, तर तुम्ही एवढंच आठवा, की तो माणूस आत जाण्याआधी चपला काढून गेला होता. त्या चपला त्याला अजून मिळालेल्या नाहीत.