उंट, वटवाघूळ, म्हैस

श्रद्धाने यादीत उंट टाकला आणि बटण दाबलं. वटवाघूळ झालं होतं, म्हैस झाली होती, कोंबडी तर सकाळीच.

स्क्रीनवर अक्षरांच्या ओळी एकाखाली एक लागल्या. प्रत्येक ओळ म्हणजे एकेका प्राण्याच्या कानातलं तेच एक प्रोटीन. सगळ्यांचं अक्षर जिथे जुळतं, तिथे हे फुकटचं सॉफ्टवेअर खाली एक चांदणी काढतं. तिच्या लेकीच्या, मैत्रीच्या, जनुक-तपासणीच्या रिपोर्टमध्ये असल्याच एका चांदणीच्या जागी वेगळं अक्षर होतं. परिणाम अनिश्चित, एवढंच पुढे लिहिलेलं. एखादा तरी प्राणी तिथे दुसरं अक्षर घेऊन नीट ऐकत असेल, तर ती जागा एवढी नाजूक नसणार. श्रद्धाला तो एक प्राणी हवा होता.

उंटाखालीही चांदणी होती.

"म्हैस झाली, उंट झाला," यमुनाबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या. "आता कात्रजचं अख्खं प्राणिसंग्रहालय आण बिबवेवाडीत."

"गुरुवारच्या आत सापडायला हवंय, आई."

गुरुवारी कानांची तपासणी होती, मैत्रीला झोपवून करायची. मागे दोनदा ती मध्येच जागी झाली होती. आत्ता ती दोघींकडे पाठ करून सतरंजीवर बसली होती. नऊ महिन्यांची, दोन्ही मुठींत मटारची सालं.

श्रद्धाने एक मासा टाकला. चांदणी गेली.

ती उठून उभीच राहिली. मग बसली आणि माशाची ओळ नीट पाहिली. त्या जागेच्या अलीकडे-पलीकडे नुसत्या रेघा. अर्धवट वाचलेलं प्रोटीन. रजेवर जायच्या आधी अशीच एक ओळ ठेवली म्हणून तिने लॅबमधल्या आमोदला चांगलंच झापलं होतं. तिने मासा खोडला. चांदणी परत आली.

कुकरची शिट्टी झाली. मैत्री सालं चिवडत राहिली.

यमुनाबाई उठल्या, गॅस बारीक केला आणि येताना वळसा घालून मैत्रीच्या समोर आल्या. सतरंजीवर दोनदा हात आपटला. मैत्रीने वर पाहिलं. मगच त्या बोलल्या.

"काय गं ठमे, सालं खातेस?"

मैत्री खुदकन हसली.

श्रद्धाचा हात माउसवर तसाच राहिला. हा वळसा ती रोज बघत होती.

"आई, तुम्ही नेहमी समोर जाऊनच बोलता तिच्याशी."

"आपला संतोष एवढा होता ना, तेव्हा शिट्टी झाली की घर डोक्यावर घ्यायचा." यमुनाबाईंनी पुढची शेंग उचलली. "दिवाळीत खाली एवढी माळ लावली पोरांनी. तुझी लेक माझ्या मांडीवर गाढ..."

शेंग फुटली.

"मला सांगितलं नाहीत."

"तू शोधत होतीस ना."

यादीत अजून बेडूक राहिला होता. मैत्री आता एक साल तोंडात घालू लागली. श्रद्धाच्या तोंडाशी हाक आली होती. ती तिने गिळली, उठली आणि सतरंजीला वळसा घालून पलीकडे गेली.