देवकीबाई आणि बर्फाचा डोंगर

मी शहापूरला कॉम्प्युटरचा क्लास लावला तेव्हा माझी मुलगी भूमिका नऊ महिन्यांची होती आणि अजून अंगावर पीत होती. तिला घरी ठेवून जाणं शक्य नव्हतं. माझ्या सासूबाई, देवकीबाई, म्हणाल्या, "मी येते ना तुझ्यासंगं. पोरीला घेऊन मागं बसंन." भात झोडून झालं होतं, दुपारी त्यांना मोकळीक होती. असं आमचं तिघींचं सापगावहून रोज शहापूरला जाणं सुरू झालं. साल दोन हजार एक, डिसेंबर महिना.

क्लास वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या माडीवर होता. सहा कॉम्प्युटर, त्यातल्या सहाव्याचा माउस बिघडलेला. त्यामुळे शिकायला त्यावर कुणी बसत नसे आणि आईंना, म्हणजे सासूबाईंना, ती खुर्ची मिळाली. शिकवणाऱ्या जयश्री मॅडमनी त्या कॉम्प्युटरवर एक खेळ घालून ठेवला होता, बोटांना बटणांची सवय व्हावी म्हणून. पडद्यावर पांढराशुभ्र डोंगर. माथ्यावर लाल टोपीवाला माणूस, पायांना दोन लांब पट्ट्या बांधलेला. त्याला खाली न्यायचं. डावीकडचा बाण दाबला की तो डावीकडे वळतो, उजवीकडचा दाबला की उजवीकडे. खालचा बाण दाबला की गुडघे मुडपून सुसाट सुटतो, वरचा दाबला की पट्ट्या आडव्या करून थांबतो. वाटेत निशाणांच्या जोड्या, एक लाल, एक निळं. त्यांच्या मधूनच जायचं. एक जोडी चुकली की घड्याळात पाच सेकंद वाढतात. झाडावर आपटला की माणूस एकीकडे, पट्ट्या दुसरीकडे.

तळाशी पोचलं की दहा जणांची यादी यायची. पहिलं नाव खेळ बनवणाऱ्यांनीच घालून ठेवलेलं, हान्स, एक मिनिट पाच सेकंद. दुसरं आमच्या क्लासमधल्या भरत सरांचं, एक मिनिट बारा. भरत सर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, वय चाळिशीच्या पुढं, कडक इस्त्रीचा शर्ट. ते अर्धा तास आधी येऊन खेळायचे आणि कुणी बघितलं की म्हणायचे, "खेळत नाही, सराव करतोय."

एके दिवशी सरांनी खेळ तसाच चालू ठेवला. भूमिकानं बटणांवर हात आपटला, माणूस सुटला आणि धाडकन झाडावर गेला. भूमिका खदखदून हसली. तिला पुन्हा हसवायला आईंनी बटण दाबलं. माणूस पुन्हा आपटला. त्या दुपारी आमचं टायपिंग चालू असताना मागून सारखं आजी-नातीचं हसू येत होतं.

"आई, तो पाडायचा नसतो, खाली न्यायचा असतो," मी सांगितलं.

"असं व्हय. मंग आदी सांगायचं नाय का?"

दुसऱ्या दिवसापासून त्या नेटानं खेळायला लागल्या. माणूस वळला की आई वळायच्या, आईंबरोबर मांडीवरची भूमिका वळायची आणि खुर्ची करकरायची. उडी आली की दोघी उचलल्या जायच्या. खालचे दुकानदार एकदा वर येऊन विचारून गेले, माडीवर काय कांडताय म्हणून.

आठवडाभर त्या प्रत्येक झाडाला भेटून आल्या. मग एका दुपारी खेळता खेळता थांबल्या आणि मला म्हणाल्या, "मी चुकते कुठं ते कळलं गो. मी त्या माणसाकडं बघते. मोळी घेऊन डोंगर उतरताना कोण पायाकडं बघतं? पुढचं वळण बघायचं, पाय आपसूक येतात." आईंचं माहेर डोळखांबच्या पलीकडच्या पाड्यावरचं. लहानपणी लाकडाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन त्या रोज उतरायच्या.

त्यांनी पुन्हा बटण दाबलं. नजर आता पुढच्या जोडीवर. निशाण यायच्या आधीच वळण घेतलेलं. वरच्या बाणाला त्यांनी बोटच लावलं नाही. एक मिनिट दहा सेकंद. त्यांनी भरत सरांना मागं टाकलं होतं.

पडद्यावर नाव लिहायची चौकट आली. ती वीस सेकंदच थांबते. मी उठून जाईपर्यंत आईंनी घाबरून एक बटण दाबलं आणि दाबूनच ठेवलं. यादीत दुसऱ्या क्रमांकावर नाव लागलं, डीडीडीडीडीडीडी.

दुसऱ्या दिवशी भरत सर यादीसमोर बराच वेळ उभे होते. "हे कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," आई म्हणाल्या.

सर आईंकडे बघत राहिले, मग भूमिकाकडे. "चांगलंय," असं म्हणून जागेवर जाऊन बसले. त्या दिवशी त्यांच्या टायपिंगमध्ये फार चुका झाल्या.

आईंना मात्र ते नाव सलत होतं. त्या मराठी तिसरीपर्यंत शिकलेल्या, इंग्रजी अक्षर एकही येत नव्हतं. "माझं नाव शिकव," त्यांनी हुकूम सोडला. मी शिकवलं. भाकऱ्या थापताना परातीतल्या पिठात त्या बोटानं अक्षरं काढायच्या. बटणं तर त्यांनी रस्त्यासारखी पाठ केली. "डीवरनं जरा वर गेलं का ई, तिथनं खाली उतरलं का व्ही, मंग लांब उजवीकडं के, आन त्याच्या डोक्यावर आय." क्लासला जाताना रस्त्याकडेच्या विजेच्या खांबांमधून त्या भूमिकाला कडेवर घेऊन नागमोडी चालायच्या. लोक वळून बघायचे. मला आधी लाज वाटली, मग मीही चालायला लागले.

शनिवारी क्लास लवकर सुटला, पण कुणी घरी गेलं नाही. सगळे सहाव्या कॉम्प्युटरसमोर, आईंच्या खुर्चीमागे उभे राहिले. भरत सरांनी आईंना विचारलं, "पोरीला मी धरू का?"

"नको. ती नसली तर माझा तोल जाईल."

माणूस सुटला. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. आईंबरोबर जयश्री मॅडम झुकल्या, मी झुकले, भरत सर झुकले आणि त्यांच्या खिशातलं पेन पडलं. कुणी उचललं नाही. शेवटच्या उतारावर आईंनी खालचा बाण दाबून धरला. दोन झाडांमधली निशाणं इतकी जवळ होती की मी डोळे मिटले. उघडले तेव्हा घड्याळ थांबलं होतं. एक मिनिट चार सेकंद.

"नाव," भरत सर ओरडले. "बाई, नाव लिहा."

आईंनी एका बोटानं, घाई न करता, पाच बटणं दाबली. हान्सच्या वर देवकी लागलं.

आम्ही टाळ्या वाजवत होतो, मॅडम नाचायच्याच बाकी होत्या. तेवढ्यात पडदा काळा झाला. आईंनी हात मागे घेतले. "मोडला का गो?"

मोडला नव्हता. नवा डोंगर आला होता, आधीच्याहून दुप्पट उंच, मधे दऱ्या, वरून ढग. हान्सला हरवलं की दुसरा डोंगर उघडतो, हे मॅडमनाही माहीत नव्हतं. तोवर कुणी हरवलंच नव्हतं त्याला.

"बसा सर," आई सरकून म्हणाल्या. "आदी तुमी."

"नाही, तुम्हीच. तुम्ही उघडलाय."

आईंनी पदर खोचला, भूमिकाला नीट धरलं, डोंगराकडे टक लावून बघितलं आणि बटण दाबलं. तिसऱ्या सेकंदाला माणूस कड्यावरून उडाला, हवेत दोनदा उलटा झाला आणि डोक्यावर बर्फात रुतला. नुसत्या पट्ट्या वर दिसत होत्या. भूमिका किंचाळून हसली, आईंना हसता हसता उचकी लागली, आणि भरत सर डोळे पुसत म्हणाले, "आता मला द्या."