अंगणातलं न कुजलेलं मांजर

अंगणात एक वाळकं पान दिसलं तरी ज्यांना घास गोड लागत नाही, अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. या गोष्टीतले सासरे त्यातलेच. निवृत्त हेडक्लार्क. गल्ली त्यांना 'झाडूसाहेब' म्हणायची. रोज सकाळी अंगण खरवडून झाडायचं आणि पाचोळा पेटवून द्यायचा, हा त्यांचा वीस वर्षांचा नेम.

त्या दिवशी लिंबाचं रोप लावायला ते खड्डा खणत होते. आधीची दोन रोपं जळून गेली होती. हातभर खाली कुदळ अडली. त्यांनी माती बाजूला केली आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. दोन उन्हाळ्यांपूर्वी पुरलेलं घरचं मांजर! वाळून लाकूड झालेलं, पण अंगावरचे केससुद्धा शाबूत!

शेजारीण कुंपणावरून डोकावली. "अगंबाई! जमीन पचवत नाही म्हणजे बाधा आहे हो काहीतरी!"

झालं! संध्याकाळी सून कामावरून परतली, तेव्हा गवंडी अंगणाची मापं घेत होता. सगळीकडे फरशी घालायची, पुन्हा खणायचं नावच नको, असं सासऱ्यांनी ठरवलं होतं.

सून माती तपासणी केंद्रात नोकरीला होती. ती म्हणाली, "थांबा बाबा. भूतबीत काही नाही."

"मग ते कुजलं का नाही?" त्यांनी खड्ड्याकडे बोट दाखवलं.

"कुजवणारेच उरले नाहीत म्हणून. मातीत डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव असतात. त्यांना ओल लागते, पाचोळा लागतो. आता पाऊस महिनोन्‌महिने तोंड दाखवत नाही, ऊन भाजून काढतं. ते निपचित पडतात. मग एक दिवस धो धो कोसळतो. सगळे एकदम जागे होतात, मातीतला उरलासुरला कस फस्त करतात. त्याचा वायू होऊन हवेत जातो आणि हवा आणखी तापते. पुन्हा उपासमार! आणि त्यांचं अन्न आपण रोज जाळतो."

"म्हणजे... मी?"

न्हाणीघरामागे पाणी झिरपायचं आणि तिथवर झाडू पोचत नसे. तिथली मूठभर माती सुनेने आणून त्यांच्या नाकाशी धरली. काळीभोर, ओलसर, आत एक गांडूळ वळवळत होतं. मग खड्ड्यातली माती त्यांच्या तळहातावर ठेवली. तिला वासच नव्हता. वाऱ्याबरोबर ती पिठासारखी उडून गेली. सासऱ्यांनी रिकामी मूठ मिटली, पुन्हा उघडून पाहिली. मांजर पाहूनही ते इतके घाबरले नव्हते.

"पुन्हा जिवंत होईल का गं?"

"पाचोळा पसरू, ओल धरून ठेवू. पण होईलच असं नाही सांगता येत. मलाही भीती वाटते, बाबा."

गवंडी परत गेला. आणि जन्मभर ज्यांना एक पान खपलं नाही, ते झाडूसाहेब त्या संध्याकाळी दारोदार पाचोळा मागत फिरले. लोक हसले. हसू द्या!

वाचकहो, जी जमीन मेलेल्याला पोटात घेत नाही, ती जिवंतांनाही पोसत नाही. भ्यायचंच असेल तर याला भ्या, आणि उद्या सकाळी काडी ओढण्याआधी हात आवरा.