दोरीपलीकडची पंगत

कंपनी फुकट फिरवते असं ज्याला वाटतं, त्यानं बियाण्याचं दुकान टाकू नये. आमच्या जालना जिल्ह्यात कुठल्याही कृषी केंद्रात जा, गल्ल्याच्या वर देवाशेजारी एक फोटो असतोच. डीलर, शेजारी त्याची बायको, दोघांच्या डोक्यावर कंपनीची टोपी आणि मागं दुबई नाहीतर बँकॉक. पिशव्या उचला, टार्गेट गाठा, विमानात बसा. यंदा कंपनीनं समुद्र काढला. मुंबईहून जहाज, वाटेत एका बेटावर उतरायचं, तिथंच दुपारचं खाणंपिणं, आणि दिवस कलायच्या आत परत जहाजावर.

आमचं दुकान अंकुशनगरला. दुकान सासऱ्यांचं, काकासाहेबांचं. त्यांना मी मामा म्हणते आणि त्यांच्या दुकानाची बिलं मी करते. खरं तर जहाजावर जायचा मान सासूबाईंचा. पण त्या म्हणाल्या, "विहिरीत वाकून बघत न्हाई मी, आन् समुद्रात कुठं जाऊ? शालूला न्या." नवऱ्याला दुकान सोडता येईना, म्हणून सुनेचं भाग्य उघडलं.

यंदा कंपनीनं डीलरांच्या दोन जाती केल्या होत्या. जास्त माल उचलणारे गोल्ड आणि त्यांच्या खालचे सिल्व्हर. हंगाम सरताना मामा गोल्डला थोडेसे कमी पडत होते. तेव्हा हसनाबादच्या इनायतभाईंनी आपल्या वाट्याच्या काही पिशव्या मामांच्या नावावर बिल करायला लावल्या. आमच्या धंद्यात हे चालतं. माल इनायतभाईंच्या गिऱ्हाइकांनी नेला, नाव मामांचं लागलं, आणि मामा गोल्ड झाले, इनायतभाई सिल्व्हर राहिले. त्यात लपवाछपवी काही नव्हती. फरक असलाच तर खोलीचा, असं कंपनीच्या माणसानं सांगितलेलं.

"मोठी खोली तुम्हीच घ्या काकासाहेब," इनायतभाई हसून म्हणाले होते. "तुम्ही घोरता. शेजारच्याला तेवढीच दूर भिंत."

दोघांची दोस्ती जालन्याच्या मोंढ्यातली, धान्याच्या बाजारातली. दोघं तरणे असताना माल घ्यायला यायचे तेव्हापासून एकाच खानावळीत, एकाच टेबलावर जेवत आले. एक आला नसेल तर दुसरा चहावर भागवायचा. मामा रागीट, बोलून मोकळे होणारे. इनायतभाई बोलत नाहीत, आणि तेच वाईट. मोंढ्यातल्या एका अडत्यानं एकदा सगळ्यांना कपात आणि त्यांना वेगळ्या गिलासात चहा दिला. इनायतभाईंनी चहा प्यायला, सलाम केला, आणि त्या दुकानाची पायरी आजवर पुन्हा चढले नाहीत. त्या अडत्याच्या मयतीलाही रस्त्याच्या पलीकडं उभे राहिले म्हणतात.

तर बेट. जहाज लांब उभं राहिलं, आम्हाला छोट्या बोटींनी किनाऱ्यावर सोडलं. पाणी असं निळं की ठिबकच्या नळीत खत सोडल्यासारखं. उतरताना प्रत्येकाच्या मनगटावर कागदी पट्टा बांधला, मामांना आणि मला पिवळा, इनायतभाई आणि त्यांच्या बेगम कमरबी यांना पांढरा. मला वाटलं, हरवू नये म्हणून असेल. जत्रेत पोरांच्या हाताला बांधतात तसं.

वाळूवर पन्नास पावलं गेलो आणि समोर दोरी.

चांगली जाड, बोटी बांधायची दोरी, खांबाला खांब लावून ताणलेली. उजवीकडं झावळ्यांचा मांडव, पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, चरचरत्या तव्यावर मासे, डाळीची भली मोठी बादली, गरम रोट्यांची परात, आणि स्ट्रॉ खोचलेले हिरवे नारळ. डावीकडं ऊन. चार माडांची विरळ सावली आणि तिच्यात मावेनात म्हणून उन्हातच वाळूवर बसलेले आमच्याच जिल्ह्याचे डीलर. त्यांच्या हातात पुठ्ठ्याचे डबे, आत वाळका पाव.

दोरीपाशी उभ्या असलेल्या माणसानं पट्टे बघितले. पिवळे उजवीकडं. पांढरे डावीकडं. इतक्या सहज, जसं कुणी गहू आणि मातेरं वेगळं करतं.

आमच्याकडं याला पंक्तिप्रपंच म्हणतात, आणि याच्याइतकी घाण शिवी पंगतीत दुसरी नाही. लग्नात कुणाला तूप कमी पडलं तर बारा वर्षं उलटली तरी लोक बोलतात. इथं तर कंपनीनं पाहुण्यांना बोलावून, कौतुक करून, समुद्र ओलांडून आणलं, आणि जेवणाच्या वेळी मधून दोरी बांधली! ज्यांनी उन्हातान्हात कंपनीचा माल खपवला, त्यांना उन्हातच बसवलं.

मामांनी कंपनीच्या माणसाला गाठलं. हा राजानंद, आमचाच एरिया मॅनेजर, परतूरकडचा पोरगा. एरवी दुकानात येऊन "काकासाहेब, चहा सांगा" म्हणणारा. आज बूट घालून वाळूत चालत होता.

"राजानंद, हे काय?"

"सर, कॅटेगरीप्रमाणं व्यवस्था आहे."

"व्यवस्था? माणसं उन्हात बसून पाव खाऊन राह्यलेत, ही व्यवस्था?"

"रिसॉर्टवाले पट्ट्यावर ताटं मोजतात सर. माझ्या हातात काही नाही."

"मंग माझं ताट इनायतभाईला दे."

"पट्टा एकाचा दुसऱ्याला चालत नाही."

"तुझ्या बापाच्या वर्षश्राद्धाला जेवलो मी. तिथं कुणाच्या हाताला काय बांधलं होतं?"

राजानंदचे कान लाल झाले. मांडवातून राधेश्यामशेठ ओरडले, "काकासाहेब, या लवकर! कोळंबी संपून राह्यली!" राधेश्यामशेठ जालन्यातले मोठे डीलर. त्यांच्यासमोर दोन नारळ रिकामे पडलेले, तिसऱ्याची ऑर्डर गेलेली. दोरीकडं त्यांची पाठ होती, म्हणून त्यांना दोरी दिसत नव्हती.

इनायतभाई तोवर माडाखाली जाऊन बसले होते. त्यांनी एकदा आमच्याकडं बघितलं. ते बघणं मला मोंढ्यातल्या त्या गिलासाकडं बघितल्यासारखं वाटलं. डीलरशिप गेली तर दुसरी कंपनी आहे. इनायतभाई गेले तर मामांना संगं जेवणारा दुसरा मिळायचा नाही.

मामा मांडवात गेले, मी मागोमाग. मला वाटलं, आता टेबल उलटं करतात. त्यांनी तसं काही केलं नाही. गावात मोठ्या कार्याला यजमान स्वतः वाढायला उठतो. मामांनी तेच केलं. बाह्या सरसावल्या, रोट्यांची परात उचलली, डाळीची बादली माझ्या हातात दिली, "चल शालू," म्हणाले, आणि दोरीखालून वाकून पलीकडं गेले.

"घ्या, घ्या! लाजू नका! गरम हाय तोवर घ्या!"

दोरीवाला धावला, "अंकल, बाहर नहीं ले जाना!" मामांनी त्यालाही एक रोटी दिली. ती हातात घेऊन तो तसाच उभा राहिला. भोकरदनचे, जाफ्राबादचे डीलर आधी बघत राहिले, मग हसायला लागले, मग पुठ्ठ्याच्या डब्याची झाकणं पुढं करायला लागले. कुणी म्हणालं, "काकासाहेब, भात बी आना की." कुणी म्हणालं, "लोणचं न्हाई का हो या बेटावर?" मी मागून डाळ ओतत होते. खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती माझी. राजानंद "सर, प्लीज, सर" करत मागं मागं, आणि आम्ही पुढं.

इनायतभाईंपाशी आलो. त्यांनी झाकणावर हात ठेवला.

"मला नगं."

"घ्या की."

"न्हाई."

"इनायतभाई, गरम हाय. जल्दी घ्या."

"गरम हाय ते दिसून राह्यलं. कुणाचं हाय?"

"कुणाचं म्हंजे? आपलं."

"आपलं न्हाई, तुमचं हाय. तुम्ही वाढणार, आम्ही झाकण पुढं करणार, मंग तुम्ही हात धुऊन सावलीत जाऊन बसणार. शादीत मांडवाबाहेर बसलेल्यांना वाढतेत बराबर तसंच."

मामांच्या हातातली परात तशीच राहिली. "मी तुमच्यासाठी त्या पोराशी भांडलो!"

"भांडायला कोण सांगितलं? बसायला यायचं होतं."

कमरबी नजर खाली ठेवून म्हणाल्या, "काकासाहेब, पाव हाय आमच्याकडं. वाळलेला हाय, पर हक्काचा हाय."

आणि इनायतभाईंनी तोंड समुद्राकडं फिरवलं. पाठ आमच्याकडं.

मला संताप आला. आधी इनायतभाईंचा आला, की एवढं करूनही माणूस हट्ट सोडत नाही. मग कंपनीचा आला. मग बादली हातात धरून उभी असताना स्वतःकडं बघितलं, मनगटावर पिवळा पट्टा, हातात पळी, समोर वाळूत बसलेली माणसं. वाढणारा उभा आणि घेणारा खाली, यात चूक काही नसते. पण वाढणाऱ्याचं पान दुसरीकडं मांडलेलं असेल, तर ते वाढणं नव्हे.

मामांनी परात माझ्याकडं दिली. "धर."

मामांचे गुडघे गेलेले आहेत. जांब समर्थच्या देवळात प्रसादालासुद्धा त्यांना खुर्ची देतात. त्यांनी माडाला एक हात लावला, एक पाय पुढं सरकवला, "आई गं" म्हणाले आणि धपकन वाळूत बसले. पँटच्या घडीत, खिशात, सगळीकडं वाळू. मग दोरीवाल्याला हाक मारली, "ए बाबा, एक डबा इकडं दे."

"अंकल, आपका गोल्ड है. बॉक्स सिर्फ सिल्वर को."

घ्या! पिवळ्या पट्ट्याला कोळंबी मिळेल, पाव मिळणार नाही. गरिबाचं ताटसुद्धा मोजून ठेवलेलं, आणि तेही दुसऱ्याला द्यायचं नाही. मामांनी राजानंदकडं बघितलं. राजानंदनं जहाजाकडं बघितलं.

मामा नुसतेच बसून राहिले. समोर ना ताट, ना डबा. आसपासच्या डीलरांनी खाणं थांबवलं. कुणीतरी डाळ पुढं केली. मामांनी नको म्हणून मान हलवली. ते इनायतभाईंच्या पाठीकडं बघत होते, आणि ती पाठ हलत नव्हती. कमरबींनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. एकदा. दुसऱ्यांदा जरा जोरात.

इनायतभाईंनी तोंड न वळवता पाव मोडला आणि अर्धा मागं धरला.

"वाळलेला हाय," म्हणाले. "दाताखाली आला तर मला बोलू नका."

"बोलतो कशाला? मोंढ्यात त्या खानावळीची भाकर खाल्ली की तुमच्यासंगं. त्याच्यापुढं हा लोणी हाय."

"ते खरं."

मामांनी पाव घेतला. मी परात आणि बादली मधोमध वाळूत ठेवली आणि म्हटलं, "आता वाढायला कुणी न्हाई. ज्याला पाहिजे त्यानं हात घाला." लोकांनी घातला. मीही घातला. इनायतभाईंनी मात्र रोटीला हात लावला नाही, आणि मामांनीही नाही. दोघं पावच चावत होते.

तेवढ्यात मांडवाकडून शिट्टी झाली. गोल्डवाल्यांचा फोटो. राधेश्यामशेठ टोपी घालून तयार, कंपनीचा लांबलचक बॅनर दोघांनी धरलेला. राजानंद पळत आला, घामानं निथळत.

"काकासाहेब, फोटो! दोन मिनिटं. मोठे साहेब वाट बघतात. बोटी निघायच्यात."

"जेवून राह्यलोय."

"सर, दोन मिनिटं फक्त. तुमच्याशिवाय गोल्ड अपुरं दिसेल."

"पंगत बसलीय राजानंद. अर्ध्या पंगतीतून माणूस उठतो का? परतूरला उठतेत का तुमच्या?"

उठत नाहीत, हे राजानंदलाही माहीत होतं. शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कुणी जागचं हलत नाही. हललं तर बाकीच्यांच्या अन्नाचा अपमान. त्यानं सगळ्यांकडं एकदा बघितलं. झाकणं रिकामी झालेली, डाळ संपलेली, बोटं चाटून झालेली. त्याला जरा धीर आला.

"आता शेवटचं कोण राहिलंय?"

सगळ्यांनी कमरबींकडं बघितलं. कमरबींनी मांडीवरच्या डब्याचं झाकण नुकतंच काढलं होतं. त्यांनी पावाचा एक कण तोडला, तोंडात टाकला, आणि समुद्राकडं बघत चावायला लागल्या.

"भाभी, जरा..." राजानंद म्हणाला.

"मला घाईनं गिळवत न्हाई बेटा," कमरबी म्हणाल्या.

वाऱ्यानं बॅनर फडफडत होता. तिकडून राधेश्यामशेठ हात हलवत काहीतरी ओरडत होते. ऐकू येत नव्हतं. इनायतभाई आता वळून मांडी घालून बसले, मामांच्या समोरासमोर, आणि आपला उरलेला पाव पुन्हा मधून मोडून त्यांच्यापुढं केला.

"घ्या," म्हणाले. "आन् कमर, तू सावकाश खा."