पाट्यावरचं हमस

मी एक जुना पाटा आहे. दातिवऱ्याच्या गोदूबाईंच्या मागच्या दारी माझा मुक्काम. पाथरवटानं मला घडवलं, आणि गोदूबाई नव्या नवरी होत्या तेव्हापासून नारळ, मिरच्या, सुका जवळा म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, सगळं माझ्याच अंगावर वाटलं गेलं. "पाट्यावरची चटणी ती चटणी!" म्हणत अख्खी आळी बोटं चाटायची. मग मिक्सर आला. माझ्याकडे उरला फक्त जवळा. त्याचा वास मिक्सरला लागतो म्हणे!

मित्रांनो, गेल्या महिन्यात एका रविवारी गोदूबाईंच्या सुनेनं, प्रियंकानं, हेमालीला जेवायला बोलावलं. दोघी बोईसरला एकाच कारखान्यात पॅकिंगला. हेमाली मासे सोडाच, अंडंही खात नाही. कोळ्यांच्या घरी जेवायची तिची पहिलीच वेळ. "माशाचा वाससुदीक नाय लागणार," असा प्रियंकानं शब्द दिला होता. मोबाइलवर बघून तिनं इस्रायलकडचं हमस करायचं ठरवलं. छोले भिजवले, उकडले, आणि नेमकी वीज गेली!

तिनं मला घासूनपुसून आत आणलं. छोले, तीळ, लसूण, लिंबू... अहाहा! किती वर्षांनी माझ्यावर पाहुण्यासाठी काही वाटलं जात होतं. मी नुसता फुलून गेलो. लोण्यासारखा गोळा झाला, तोच गोदूबाई आल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगो, काल यावरच जवळा वाटलाय मी!"

घाईत हे प्रियंकाच्या ध्यानातच आलं नव्हतं; ती पांढरीफटक पडली. बाहेर हेमालीची स्कूटी थांबली.

"आई, दोनदा धुतलाय मी. लसणात काय कळणार हाय तिला?"

"तिला नाय कळायचा. पण शब्द तू दिलास ना?"

खरं सांगू? म्हातारीनं गप्प बसावं, असंच मला वाटत होतं. मला कौतुक हवं होतं.

प्रियंका दारात गेली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. सांगताना रडलीच. हेमालीनं तिचे डोळे पुसले. मग म्हणाली, "न सांगता वाढलं असतंस आणि मला मागून कळलं असतं, तर मी परत आलेच नसते." त्या दिवशी तिनं तांदळाच्या भाकरीबरोबर काकडी-टोमॅटोची कोशिंबीर खाल्ली. हमस घरच्यांनी फस्त केलं.

पुढच्या रविवारी ती स्कूटीवर पायाशी एक पाटा ठेवून आली. तिच्या सासूबाईंचा, माळ्यावर धूळ खात पडलेला. आता तो माझ्या शेजारी असतो. हमस त्याच्यावर, जवळा माझ्यावर. वाईट वाटतं का? थोडं वाटतं. पण आम्हाला आता सोबत आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद कोपऱ्यात पडला असेल. त्याला बाहेर काढा, स्वच्छ घासा. आणि काल त्याच्यावर काय वाटलं होतं, ते वाढण्याआधी पाहुण्याला सांगा. पाहुणा पुन्हा येतो.